आत्याची हाक आणि आत गेलेले कान

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा, अगदी कपाळ टेबलाला टेकवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं घोरणं कमी झालं, की तूच दुसऱ्या खोलीत गेलीस? (पत्रात वडीलधाऱ्यांना ‘आपण’ म्हणावं हे तूच शिकवलंस, पण तुला ‘आपण’ म्हटलं की मी काहीतरी लपवतोय अशी तुला शंका येते, म्हणून ‘तू’च.) मी मजेत आहे.

तू माझ्यावर रुसल्याचं बाबांकडून कळलं. रोज संध्याकाळी तू फोन करून स्वेटर घातला का, वेळेवर जेवलो का, हे विचारायचीस आणि मी फोन उचलेनासा झालो, म्हणून तू बोलणंच टाकलंस. आता मी फोन केला तर काका उचलतात आणि तू झोपल्याचं सांगतात. (मागून ‘झोपलेय म्हणून सांगा’ असा तुझाच आवाज येतो.) म्हणून हा पत्राचा खटाटोप. रागावण्याआधी माझ्या प्रयोगशाळेत परवा काय झालं ते वाच, म्हणजे मी निर्दोष असल्याचं तुला पटेल.

माझं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर चालतं. शरीरात कुठे खरचटलं, जंतू शिरले, की तिथल्या पेशी केमोकाईन नावाची द्रव्यं सोडतात. ती म्हणजे हाकच समज. पांढऱ्या पेशीच्या अंगावर ही हाक ऐकणारे रिसेप्टर असतात. आपण त्यांना कान म्हणू. हाक कानावर पडली की पेशी सगळं सोडून तिकडे निघते. हीच लगबग मला आमच्या बाईंना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची होती. (बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्यांना पटलं तर काम पुढे चालू, नाहीतर मी बिछाना घेऊन तुझ्या दारात.) रक्त माझंच काढलं होतं, म्हणजे आपल्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. मग मी शहाणपणा केला. बाई यायच्या आधी पेशींना जरा तरतरी यावी म्हणून त्यांच्या नळीत थोडं केमोकाईन टाकलं. ते कमी वाटलं, म्हणून आणखी थोडं. (परीक्षेच्या दिवशी तू मला उजाडल्यापासून हाका मारत सुटायचीस, तेच तंत्र.)

बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या. काचपट्टीवरच्या बारीक नालीत एका टोकाला पेशी, दुसऱ्या टोकाला केमोकाईन. मी ऐटीत सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्याकडे हात केला. पेशी ढिम्म! एकीनं अंग हलवलं तेव्हा मला केवढी आशा वाटली, पण ती नुसती कूस बदलत होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “यांना आधीच हाका मारून ठेवल्यास का रे?” मी नळीकडे बोट दाखवून सगळं कबूल केलं.

त्यांनी मग जे समजावलं ते मी पुस्तकात वाचलं होतं, डोक्यात मात्र परवा शिरलं. हाक ऐकली की पेशी कामाला लागते, पण लगेच तिच्याच आतली एन्झाइम त्या कानाच्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा करतात. (हो, या कानांना आतल्या बाजूला शेपटी असते. मी तरी काय करू?) त्या खुणा दिसल्या की अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन शेपटीला चिकटतं आणि निरोप आत जाणं बंद होतं. मग पेशी तो कानच आत ओढून घेते. बाहेर कितीही ओरडा, ऐकायला जागेवर आहे कोण? यात उद्धटपणा काही नाही. एकाच हाकेनं सारखी पेटून राहिली तर पेशी दमून जाईल आणि भलतीकडेच भरकटेल. आत गेलेले काही कान मोडीत निघतात, पण बरेचसे थोडी शांतता मिळाली की झटकून-पुसून परत वर येतात. बाईंनी मला पेशी धुऊन, ताज्या द्रवात घालून, उबेला गप्प ठेवायला लावल्या. (मलाही गप्प बसायला लावलं.) मग पुन्हा हाक दिली, आणि आत्या, निघाल्या की गं! सगळ्या नाही, पण बऱ्याच जणी, अंग लांबवत, एकमेकींना ढकलत. बाई हसल्या. काम पुढे चालू.

तर मुद्दा तुझ्या लक्षात आलाच असेल. मी फोन उचलला नाही तो माज नव्हता. रोज तेच दोन प्रश्न ऐकून माझे कान आत गेले होते. यात चूक कुणाचीच नाही. (तुझी थोडी आहे.) काकांना नमस्कार, आणि खोटं बोलणं त्यांना अजिबात जमत नाही हेही सांग.

तुझा, शास्त्राच्या आधारे निर्दोष,
भाचा

ता. क. शास्त्र खरं आहे, पण त्याच्या आडून मी सुटायला बघतोय हे तू ओळखलंच असशील. काल प्रयोगशाळेत संध्याकाळी माझा फोन वाजला, तर हातातलं टाकून धावलो आणि दारात बाईंना धडकलो. पलीकडे कुणीतरी विमा विकत होतं. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! आत्या, माझे कान परत वर आले आहेत. तुझी फार आठवण येते. फोन कर.

आणखी एक. तू विणलेला स्वेटर बॅगेतच आहे, घातलेला नाही. सकाळपासून शिंका चालू आहेत आणि दुपारचं जेवणही राहिलं. आता बघतोच, कशी गप्प बसतेस ते.