पोम्पिलिओच्या ट्रकचा रेडिएटर आणि स्मशानाचा चढ

मी, कोन्सिल्या कालो, पोम्पिलिओ कालो यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार तोर्रेआल्ता, जिल्हा लेच्चे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वाटणी गुडघ्यांनी करायची नसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दिराने आणून पाहिला, जमला नाही.

१. राहते घर, अंजिराचे झाड आणि पावसाच्या पाण्याची टाकी भाची तेक्ला हिला द्यावी. टाकी बुजवू नये.

२. बँकेतली शिल्लक सिस्टरांच्या शाळेला, मुलींच्या लोकरी मोज्यांसाठी. प्रार्थनेच्या वेळी तिथली फरशी फार गार असते. मी तिथे शिकत होते तेव्हा सिस्टर रेदेन्ता स्वतःची शाल माझ्या पायांवर टाकायच्या आणि पाय हलवले म्हणून रागवायच्याही.

३. ट्रक. १९५४ सालचा हा लहान ट्रक पोम्पिलिओने बाजारोबाजारी मातीची भांडी नेण्यासाठी घेतला. लग्न लागल्यावर मी त्याच्याच पुढच्या बाकावर बसून घरी आले. मागे रांजण खडखडत होते.

दर वर्षी गाडीवाल्यांचा संत सेंट ख्रिस्तोफर याच्या सणाला गावातल्या गाड्या संताच्या विहिरीपाशी उभ्या राहतात आणि त्यांच्यावर विहिरीचे मंतरलेले पाणी शिंपडतात. माझे दीर ओरोन्त्सो यांना शिंपडणे पुरत नाही. ते ट्रकचा रेडिएटरच त्या पाण्याने भरून घेतात. आमची जमीन चुनखडीची, विहिरीच्या पाण्यातला चुना नळ्यांत बसतो. पोम्पिलिओ दुसऱ्या दिवशी ते पाणी काढून टाकीतले भरायचा. तो अंथरुणाला खिळल्यावर ट्रक भावोजींकडे गेला आणि पाणी आतच राहिले.

पोम्पिलिओची शवपेटी याच ट्रकमधून निघाली. स्मशानाच्या चढावर रेडिएटरमधून वाफा आल्या आणि ट्रक थांबला. बँडने येत होते ते सगळे वाजवले आणि पहिल्यापासून सुरू केले.

भावोजी म्हणाले, "वहिनी, दादाला जायचं नाहीये."

मी म्हटले, "दादा केव्हाच गेलेत. तुमचा चुना अडलाय."

"पवित्र पाण्याला चुना म्हणता?"

"किटलीत उकळून बघा."

तेव्हापासून आमचे बोलणे नाही. नाताळात ते तेक्लाबरोबर बदामाची मिठाई पाठवतात. ती मी खाते.

४. माझी शवपेटी याच ट्रकमधून न्यावी आणि तो ओरोन्त्सो यांनी चालवावा. आदल्या दिवशी इंजिन गार असताना खालची तोटी उघडून सगळे पाणी सोडावे. व्हिनेगर भरून रात्रभर ठेवावे. मग खालच्या नळीतून उलटे पाणी सोडावे, वरून स्वच्छ येईपर्यंत. जाळीतला भुसा, माश्या आणि पिसे मागच्या बाजूने मऊ ब्रशने काढावीत. तारेच्या ब्रशने पात्या मुडपतात. शेवटी टाकीतलेच पाणी भरावे. तेक्लाने शेजारी उभे राहून पाहावे, बोलू नये.

ट्रक वर पोचला तर ओरोन्त्सो यांचा. न पोचला तर तेक्लाचा. ती तो मिलानच्या एका हॉटेलवाल्याला विकणार आहे. तो त्यात फुलझाडे लावून दारात उभा करील. तिने हे मला तोंडावर सांगितले, म्हणून घर तिला.

५. सणाचे पाणी बाहेरून खुशाल शिंपडावे. नंतर पुसावे.

६. इतके करूनही चढावर ट्रक तापलाच, तर भावोजींना कोणी बोलू नये. गरम झाकण उघडू नये, हात भाजेल. सावलीला थांबावे, गार होऊ द्यावा, मग निघावे. संध्याकाळपर्यंत वर पोचला, तर पोचला असेच धरावे. मला घाई नाही. आणि वर जो वाट पाहतो आहे, त्याला या ट्रकची सवय आहे.

सही: कोन्सिल्या कालो
तोर्रेआल्ता, ३ ऑक्टोबर २०११

साक्षीदार:
फादर इप्पात्सिओ सेर्रा, धर्मगुरू (चुन्याचा मजकूर वाचून, नाइलाजाने)
ब्रित्सिओ दे ब्लासी, बँडमास्तर