पहिलं पाणी

९ फेब्रुवारी

— आणि त्या सकाळी मी नेहमीसारखी चर्चची फडकी धूत होते. मिस्सेच्या प्रार्थनेत द्राक्षारसाचा प्याला पुसायची, पांढरी. त्यांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत ओतायचं. तो द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, त्याचा अंश त्यात असतो. मी ते मागच्या लिंबाला घालते. हे आजारी, खाटेवर पडलेले, तिथूनच ओरडले, "त्या झाडाला माझ्यापेक्षा जास्त पुण्य लागतंय हं!" मी हसले. फडकी पिळली, दोरीवर टाकली, चहा ठेवला. तेवढ्यात फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. यांच्या कपाळाला लावलं, तळहातांना लावलं. चहाला उकळी फुटायच्या आत हे गेले.

ती सकाळ आजच का आठवावी? लेकीला दवाखान्यात नेलंय म्हणून. दिवस भरलेले नाहीत अजून.

११ फेब्रुवारी

मुलगी झाली. एवढीशी! काचेच्या पेटीत ठेवलीय.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलल्या. फुप्फुसं कच्ची आहेत. फार आशा धरू नका.

तशीच फादरांकडे गेले. "मी येतो," म्हणाले, "पण थांबू नका. जिवावर बेतलं तर कुणीही बाप्तिस्मा द्यावा. डोक्यावर पाणी, तोंडी शब्द. बस्स." मला ठाऊक होतं. लग्नानंतर मी प्रार्थनेच्या पुस्तकावरूनच अक्षरं शिकले, ते पान कितीदा वाचलंय! पण बाळाच्या आईला कसं विचारायचं, ते त्यात नाही.

विचारलं. लेक उठूनच बसली.

"बाबांना तेल लावलं आणि बाबा गेले. आता पाणी आणलंस? पाणी घातलं म्हणजे ती जाणार, हे कबूल केलं आपण!"

म्हटलं, अगं, तेल मरणाचं नसतं. बळ यावं म्हणून असतं.

"कुणाला आलं बळ? तुला?"

जावई भिंतीकडे बघत उभे होते. "आई, ती म्हणेल तसं," एवढंच म्हणाले. फादरांना येऊ नका असा निरोप पाठवला.

१३ फेब्रुवारी

लेकीचा डोळा लागला होता. पाण्याची बाटली पदराखाली घेऊन मी पेटीपाशी गेले. नर्स म्हणाली, "हात धुवून घ्या, आजी." आजी! पहिल्यांदाच कुणी म्हटलं मला.

पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला. बोटं बाटलीतल्या पाण्याने ओली होती. शब्द ओठांवर आलेले. आणि तिने माझं बोट धरलं.

नाही घातलं मी पाणी. देवाला काय सांगू — आई झोपली होती, तेवढ्यात उरकून घेतलं?

बाटली लेकीच्या उशाशी ठेवून आले.

१५ फेब्रुवारी

गेली. मी घरी लेकीचा डबा भरत होते.

फादर म्हणाले, "देवाचा हात पाण्यापुरता नसतो, बाई." नसेल. पण माझा हात होता ना तिथे! ओला होता!

१६ फेब्रुवारी

मातीला दिली. पेटी जावयांनी एकट्यानेच उचलली. दुसरं माणूस लागतंय कशाला. क्रूस करणाऱ्या सुताराने विचारलं, नाव काय घालू? क्रूस कोराच राहिला.

लेक माझ्याशी बोलत नाही. मीही नाही. मनात एकच घोळतंय — तुझ्या हट्टापायी. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.

१७ फेब्रुवारी

आज काही नाही. यांचा शर्ट उशाशी घेतला.

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी लेक मागच्या दारी आली. हातात बाळाचं टोपडं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं, अजून ओलसर.

"आई, हे तुझ्या फडक्यांसारखं धुशील?"

मला कळेना. बघतच राहिले.

"तुझ्या बाटलीतलं पाणी आहे. श्वास अडकायला लागला, तेव्हा नर्सने तिला माझ्या मांडीवर दिलं. तू लहानपणी पाठ करून घेतलेले शब्द... सगळे आठवले गं." मग जरा चिडूनच म्हणाली, "कबूल केलं म्हणून नाही हं घातलं. एकटीने जाऊ नये म्हणून घातलं."

"सांगितलं का नाहीस?"

"तोंडातून निघेना."

"नाव काय घेतलंस?"

"तुझं."

२० फेब्रुवारी

सकाळी टोपडं धुतलं. पहिलं पाणी लिंबाला घातलं.