गोळ्यांऐवजी ऊन नको

प्रिय बाबा,

आधी नमस्कार, मग लगेच दुरुस्ती. व्हिटॅमिन डी कमी पडल्यामुळे हृदयरोग्यांच्या शरीरात सूज वाढते, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच. एकीमुळे दुसरी होते, हे अजून ठरलेलं नाही. पाहिलं तेवढंच सांगावं, ही शिकवण तुमचीच.

आई फोनवर म्हणाली, "तुझे बाबा गच्चीवर चादरींच्या शेजारी वाळत बसतात. हृदयाच्या गोळ्या सोडल्यात. म्हणे, लेकीनं औषध शोधलंय!" मला हसू आलं, पण गोळ्यांचं ऐकून मी लगेच तुम्हाला फोनवर बोलावून घेतलं.

मी समजावलं, तर तुम्ही म्हणालात, "तूच लिहिलंयस, आता शब्द फिरवू नकोस." म्हणून हे लेखी.

ऊन खुशाल खा, पण डॉक्टरांना विचारून गोळ्या लगेच सुरू करा. जिना चढताना दम लागतो का? आईपासून लपवू नका.

माझी तब्येत उत्तम. रजा मंजूर झाली आहे. तुम्ही कितीही रागावलात तरी तुम्हाला डॉक्टरांकडे मीच नेणार, शुक्रवारी, बारा तारखेला सकाळी.

तुमची हट्टी,
थोरली