स्कूटर आईने नेली आहे

दादा,
रात्रपाळीहून आलास की खाली बाबांची स्कूटर दिसणार नाही. पोलिसांत धावू नकोस. ती आईने नेली आहे. हो, आपल्याच आईने. मलाही अजून नीट कळलेलं नाही.

सकाळी दूध आणायला उतरले, तर मागच्या गल्लीत आई स्कूटरवर! डोक्यावर बाबांचं हेल्मेट, आणि मागून शेजारची शिंपीणबाई धावत ओरडतेय, "ब्रेक दाबा, ब्रेक!" म्हणजे परवा आईचा गुडघा फुटला तो ती म्हणाली तसा बाथरूममध्ये घसरून नव्हे!

मी म्हटलं, "आई, हे काय चाललंय?"

तर म्हणते, "गाडी विकायचं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

रागवावं की हसावं, मला सुचेना. बाबा गेल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता रे. मग तीच म्हणाली, "बसतेस का मागे?"

पोळ्या डब्यात आहेत, भाजी गरम करून घे. कुठे चाललोय ते तिने सांगितलेलं नाही. खाली हॉर्न वाजतोय. संध्याकाळी गाडी विकत न्यायला मेकॅनिक येईल, त्याला काय सांगायचं ते तू बघ. मी तर मागे बसणार आहे.

बारकी