लव्हनेसच्या कादंबरीतली डॉक्टर

बुधवार, २ ऑक्टोबर

लायब्ररीत ओरडले! चक्क ओरडले. दारातच पोस्टर — आफ्रिकन कादंबरीकारांचं वाचन, दहा तारखेला संध्याकाळी सहा वाजता — आणि फोटो कुणाचा? आमच्या सिस्टर लव्हनेसचा! अकरा वर्षं इथे इंग्लंडात एकाच वॉर्डात काढली आम्ही. ती झिंबाब्वेहून आलेली नर्स, मी पुण्याहून आलेली डॉक्टर. ती कादंबरी लिहिते हे मला कॉव्हेंट्रीच्या भिंतीवरून कळावं? काउंटरवरची बाई म्हणाली, "यू ऑलराइट, लव्ह?" म्हटलं, ऑलराइट काय, मी ओळखते हिला!

गुरुवार, ३ ऑक्टोबर

जुन्या डायरीत तिचा नंबर सापडला. रिटायर झाल्यापासून चार वर्षांत मी एक फोन केला नाही, आणि ती काय म्हणाली — "डॉक्टर, तुम्ही पुस्तकात आहात!"

मी! पुस्तकात! कशी आहे मी, विचारलं तर नुसती हसली. "वाचनाला या. तोच भाग वाचणार आहे." फोन ठेवून स्वयंपाकघरात गिरकी घेतली. गुडघा बोंबलला, पण घेतली.

शशी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आधी वकील बघून ठेव." नवरा कसला, विघ्न आहे नुसतं!

शनिवार, ५ ऑक्टोबर

पैठणी की कांजीवरम? कादंबरीतल्या बाईने नेसावं काय?

रविवार, ६ ऑक्टोबर

स्वातीला सांगायला नको होतं. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि ती आमच्या मंडळाची सेक्रेटरी. आता चौदा जण येणार! शिवाय लेखिकेचा सत्कार — शाल आणि नारळ.

"अगं, लायब्ररीत नारळ कसला?"

"मग काय, टेस्को सुपरमार्केटचा बुके देऊ? आपली पद्धत आहे ती, प्रमोदिनी."

स्वातीपुढे कुणाचं काही चाललंय का आजवर!

मंगळवार, ८ ऑक्टोबर

काय लिहिलं असेल? चांगलंच असणार. दर दिवाळीला तिच्यासाठी चकल्या-लाडू न्यायचे मी, डबा भरभरून. रागवायचेही कधी कधी. पण ते काय, सगळ्यांवरच.

गुरुवार, १० ऑक्टोबर

पैठणी न बदलताच लिहायला बसले!

हॉल गच्च भरलेला. लव्हनेस पिवळ्याधमक ड्रेसमध्ये. तिने चष्मा पुसला आणि वाचायला लागली. कादंबरीत एक डॉक्टर पद्मा आहे. मोठी टिकली, खिशात तीन पेनं — मीच! परक्या देशात नवीन आलेली नर्स जेवणाच्या सुट्टीत आपला डबा तिच्यापुढे करते. आणि डॉक्टर दर वेळी हात जोडून म्हणते, "आज माझा उपवास आहे." कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी चतुर्थी, कधी एकादशी. नर्सला वाटतं, ही बाई आपल्या पेशंटसाठी उपाशी राहते. मग नर्सची आई तिकडे हरारेत आजारी पडते, तेव्हा नर्सही डॉक्टरबरोबर उपवास धरते. दोघी रिकाम्या टेबलाशी बसून पाणी पितात. लोक डोळे पुसत होते. माझ्या शेजारची म्हातारी तर हुंदके देत होती.

वाचन संपलं आणि लव्हनेसने बोट केलं — "त्या इथेच बसल्या आहेत!" टाळ्या! सगळा हॉल माझ्याकडे वळला. उठले, पैठणी सावरली, नमस्कार केला. तरंगतच होते मी. स्वातीने दिलेला नारळ लव्हनेसने कानाशी नेऊन हलवून पाहिला, तेव्हा हॉल हसून लोळला.

मग चहा. व्हिक्टोरिया स्पंज केकचा तुकडा उचलणार, तोच एक गोरी बाई — "ओह, बट यू मस्ट बी फास्टिंग!" सगळे बघत होते. म्हटलं, "येस. नवरात्र."

घरी येऊन फ्रिजमधलं चिकन उभ्या उभ्या खाल्लं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. एकही उपवास नव्हता. अकरा वर्षांत एकसुद्धा! डब्यात बीफ असेल, असं मी स्वतःला सांगायचे. विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण तिच्या हातचं खायचंच नव्हतं मला. माझे लाडू तिने खावेत, तिचं मी नाही. लिहिलं एकदाचं. लाज वाटते.

दुपारी तिचा मेसेज — "रविवारी जेवायला या. तुमचं नवरात्र तोवर संपेल ना?"

जाणार. आणि सांगून टाकणार. ती तोंड बघेल का पुन्हा माझं, कुणास ठाऊक. पण टाळ्या त्या खोट्या बाईला मिळाल्या, आणि ते मला पचत नाहीये.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. श्रीखंड केलं. अर्धं तिच्यासाठी बाजूला ठेवलं, मग तेही काढून शशीला वाढलं. उद्या रिकाम्या हातांनी जायचं. उद्या खायचं तिच्याच हातचं.

रविवार, १३ ऑक्टोबर

मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि दाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. हेच असायचं म्हणे डब्यात, रोज! दोनदा मागून घेतलं. मग सांगितलं.

"माहीत आहे," लव्हनेस म्हणाली. "पहिल्याच महिन्यात तुम्हाला कॅन्टीनमध्ये फिश अँड चिप्स खाताना पाहिलं होतं. पण त्या वॉर्डात मला कुणीतरी चांगलं हवं होतं, डॉक्टर. नव्हतं, म्हणून लिहिलं."