ईराला दगड घडवायचाय

१४ जून, वॉरिक, इंग्लंड
शेखरला डावीकडून गाडी चालवणं जमेना. प्रत्येक राउंडअबाउटला मी आणि ईरा एकदम, "लेफ्ट, लेफ्ट!" पुण्यात हाच माणूस स्कूटर डावीकडूनच चालवायचा, अमेरिकेतल्या नेपरव्हिलनं सगळं पुसलं. किल्ला पाहिला. शे. खूश: बुरूज, तटबंदी, ढीगभर फोटो. ईरा भिंतींना हात लावत मागे मागे. ट्रिप तिनंच आखलीय. लेकीबरोबर आठवडा, आणखी काय हवं.

१६ जून, लिंकन
कॅथीड्रल. मान दुखेपर्यंत वर बघितलं. मग बाहेर बाकावर सँडविच खाताना ईरानं सांगून टाकलं. सॉफ्टवेअरची नोकरी सोडणार. इथे कॅथीड्रलच्या दुरुस्तीसाठी दगड घडवतात, तिथे शिकाऊ म्हणून घेतायत तिला. शिकागोत शनिवारी दगडकामाचा कोर्स करत होती. आम्ही समजत होतो, जिमला जाते.
शे.: "कॉम्प्युटर सायन्स करून पाथरवट होणार?"
"आय लव्ह इट, बाबा. दॅट्स ऑल."
नंतर गाडीत फक्त जीपीएसची बाई बोलत होती.

१७ जून, डरम
मला नक्की कुणाचा राग येतोय, कळत नाही. आम्हीही आईवडिलांना सोडून आलोच की. पण तेव्हा निदान लोकांना सांगण्यासारखं काहीतरी होतं...
इथल्या कॅथीड्रलच्या भिंतीत एक नवा दगड बसवलाय, जुन्या काळपट दगडांत पिवळा उठून दिसतो. ईरा चक्क मराठीत म्हणाली, "शंभर वर्षांनी ओळखू पण येणार नाही."
"कुणी केला, लिहितात का कुठे?"
"नाही गं आई. तेच आवडतं मला."
मला नाही आवडलं. आपल्या मुलीचं नाव कुठेतरी असावं, वाटतंच ना.

२१ जून, नेपरव्हिल
घरी. कपड्यांचे ढीग, जेटलॅग. सोमवारी तिला लिंकनला उत्तर कळवायचंय.
ईरा सकाळपासून गराजमध्ये छिन्नी चालवतेय, आता उघडपणे. शे. दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "तिकडच्या थंडीत हात चालतील का गं?"
"चालतात. सुरुवातीला दुखतात."
त्यानं तिचा तळवा उलटा करून पाहिला. घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.
जा म्हणाला नाही. जाऊ नको, असंही नाही. आत आला आणि मला म्हणाला, चहा टाक, तिघांचा.