नानांच्या पानांवरच्या चुका

जिंतूर,
संक्रांतीच्या आधीचा सोमवार

प्रिय अर्पिता,

पोस्टाने आलेलं पाकीट बघून घाबरू नकोस. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, त्याचं आता काही वाटत नाही. तीळ निवडून ठेवलेत. शेजारच्या सगुणाबाई लाडूंना येणार आहेत, म्हणजे लाडू कमी आणि गप्पा जास्त होणार. आज मात्र बसलेय ते आपल्या पैजेचा निकाल कळवायला. संक्रांतीची मुदत होती, ती आलीच.

श्रावणात तू पुण्याहून आलीस तेव्हा नानांची वेबसाइट उघडून पानामागून पान चाळलंस. मग म्हणालीस, आई, ही फार जुनी झाली, हिच्यावर कुणी येत नाही, ही बंद करू आणि मी नवी करून देते. मला ते कसं पटावं? येलदरी रोडवरच्या त्या दुकानात बसून, पाण्याच्या जळक्या मोटारींत वाइंडिंगची नवी तार भरता भरता, गिऱ्हाईक नसेल तेव्हा तुझ्या नानांनी एकेक पान लिहिलं होतं. मोटार का जळते, व्होल्टेज कमी असताना काय करावं, बोअरची मोटार वर काढायच्या आधी काय तपासावं. मला मागे ठेवून ते गेले त्याला दोन वर्षं होत आली आणि त्यांच्या हातचं तेवढंच चालू राहिलं होतं. तूच मला ती कोड तपासणारी साइट दाखवलीस, आणि पानाचा पत्ता टाकल्याबरोबर चुकांची रांग लागली. ती बघून मी ठरवून टाकलं की लोक येत नाहीत ते या चुकांमुळेच. चुका काढल्या की येतील. तू हसलीस. म्हणालीस, कोड नीटनेटका केला म्हणून गुगल कुणाला वर चढवत नाही, तसं असतं तर आमच्या वेबसाइट करणाऱ्या कंपनीत सगळे झाडू घेऊनच बसले असते. मी हट्टाला पेटले तेव्हा तू म्हणालीस, ठीक आहे, संक्रांतीपर्यंत काढ चुका. लोक वाढले तर राहू दे, नाहीतर मी म्हणेन तसं.

तुला ठाऊक आहे, मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर आणि नगरपालिकेच्या वाचनालयात झालं, इंग्रजी अक्षरं तुझ्या शाळेच्या पुस्तकांतून उचलली. त्यामुळे पहिले कित्येक दिवस कोड म्हणजे नुसती काटेरी बाभळ दिसायची. उलगडा झाला तो डब्यांवरून. आपल्याकडे एकात एक बसणारे पितळी डबे होते बघ. आतल्याचं झाकण लावल्याशिवाय बाहेरच्याचं लागत नाही. कोडमध्येही तसंच, मजकुराच्या आधी एक खूण उघडते आणि मागून बंद होते. जी खूण उघडली ती बंद करायची, आणि आतली आधी. नाना बाहेरची बंद करून आतली तशीच सोडून द्यायचे. मोटारीच्या तारेचा एक वेढा इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस, पण इथे अर्ध्या खुणा उघड्या टाकून उठायचा. चूक दिसली की मला कळायचं, इथे गिऱ्हाईक आलं असेल, इथे लाइट गेली असेल. कळायचं म्हणजे काय, मी आपलं समजून घ्यायचे. सकाळची भांडी झाली की मी कॉम्प्युटरशी बसायचे आणि तास दोन तास त्यांच्या मागे मागे जाऊन उघडी झाकणं लावत यायचे. तुला फोनवर 'आज फुटणाऱ्या नळाचं पान झालं' असं सांगायचे तेव्हा तू नुसतं हं म्हणायचीस.

एक फजिती तुला सांगितली नव्हती. गणपतीच्या सुमारास मी माझ्या फोनवर 'मोटार पाणी उचलत नाही' असं टाकून बघितलं, तर नानांचं पान सगळ्यात वर! मी तशीच सगुणाबाईंकडे गेले, बघा म्हटलं, पहिला नंबर. त्यांनी त्यांच्या फोनवर तेच टाकलं. खाली खाली सरकवत गेलो, त्यांचा चहा निवला, तरी आपलं पान काही सापडलं नाही. त्या म्हणाल्या, 'तुमच्या फोनला तुमची दया आली आसंल.' नंतर तूच समजावलंस की मी रोज तेच पान उघडते म्हणून माझा फोन मला तेच पुढे करतो. वर बचत गटाच्या बायकांना मी एकेकदा साइट उघडायला लावलं होतं, तेही साइटवर आलेल्यांच्या आकड्यात धरलं होतं. तू म्हणालीस, आई, लग्न घरचं, वऱ्हाडही घरचंच, आणि तूच पंगत मोजायलीस. हसले मी, पण जरा लागलंच.

मग कार्तिकात आकडा खरोखर वाढला. गटातल्या बायका वजा करूनही वाढला. मी तुला ऐटीत फोन केला आणि तू एका वाक्यात हवा काढलीस. आता हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं, सगळे एकदम मोटारी लावतात, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, मग लोक शोधणारच. चुका काढल्या नसत्यास तरी शोधलं असतं. दोन दिवस डोक्यात तेच. मग मला माझ्या माहेरचे दिवस आठवले. नवीन औषध कापसावर मारायचं तर माझे वडील मधले दोन तास, म्हणजे दोन ओळी, मुद्दाम कोरडे सोडायचे. लोक म्हणायचे, विसरलात का? ते म्हणायचे, सगळ्यावर मारलं तर औषधाने कीड गेली का ढग गेल्याने गेली, हे कसं कळावं? मीही तेच केलं. काही पानं तोवर व्हायची होती. त्यातली निम्मी स्वच्छ केली, निम्म्यांना हात लावला नाही, आणि गप्प बसून राहिले.

अर्पिता, गप्प बसणं मला फार जड गेलं. चूक दिसतेय, झाकण हाताशी आहे, आणि लावायचं नाही. पण मार्गशीर्ष सरेपर्यंत कळून चुकलं. स्वच्छ पानांवर लोक वाढले, तेवढेच न झाडलेल्या पानांवरही वाढले. एका घाणेरड्या पानाने तर माझ्या दोन चकचकीत पानांना मागे टाकलं, कारण त्यात नानांनी शेतकरी विचारतो त्याच शब्दांत प्रश्न लिहिला होता आणि खाली सरळ उत्तर दिलं होतं. तुझंच खरं निघालं. लोक उत्तराला येतात, झाडलोट बघायला येत नाहीत.

पण एक पान या हिशेबात बसेना. 'मोटार गुणगुणते पण फिरत नाही' हे पान. आधी त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, आणि मी ते दुरुस्त केल्यावर काही आठवड्यांनी त्याच्यावर एवढे लोक यायला लागले की मला वाटलं पुन्हा बायकांनीच उघडलं. खोदून बघितलं. कोडमध्ये स्वतःपुरतं टिपण लिहायची एक खूण असते, तिच्या आतलं वाचणाऱ्याला दिसत नाही. नानांनी तिथे 'चित्र टाकणे' असं लिहिलं आणि ती खूण बंद करायची राहिली. त्यामुळे खालचा सगळा मजकूर त्या टिपणातच जाऊन बसला. पानावर प्रश्न दिसत होता आणि उत्तर नव्हतं. इतर चुका म्हणजे उंबऱ्यातल्या वेड्यावाकड्या चपला, माणूस ओलांडून आत येतो. ही मात्र बाहेरून लागलेली कडी होती. मी ती काढली आणि लोक आत आले. मला वाटतं, पैज तू जिंकलीस आणि एका पानापुरती मी. तुमच्यात चुकांमध्ये असा भेद करतात का? करत असतील तर त्याला काय म्हणतात ते मला सांग.

या पानाने एक माणूस आपल्या बंद दुकानापर्यंत आणला, ते तुला फोनवर सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात हार्डवेअरवाल्या जीवनचा फोन आला, काकू, दुकानापुढं टेम्पो उभा आहे, जरा या. गेले तर एक गृहस्थ पायरीवर बसलेले. मानवतच्या पलीकडचे, दिनकरराव नाव. टेम्पोत मोटार. मला बघून उठले आणि म्हणाले, 'अक्का, मालक जेवायला गेलेत काय? फोन लय लावला, लागंनाच. म्हटलं रेंज नसंल, जाऊनच बघू.' जीवनने विचारलं, मानवतात कुणी वाइंडिंगवाला भेटला नाही का? ते म्हणाले, 'हायत की. पण ह्यांनी लिवलेलं वाचलं, म्हटलं मोटार द्यायची तर ह्याच माणसाला.' आणि फोन पुढे केला. नानांचं पान होतं. सगळ्यात खाली, प्रत्येक पानाच्या खाली असतं तसं: 'दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मी स्वतः असतो. मोटार घेऊन या, उभ्या उभ्या बघून सांगतो.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. जीवनच म्हणाला, काका, दोन वर्षं होत आली त्यांना जाऊन. दिनकररावांनी डोक्यावरची टोपी काढली, फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'मग हे कोण चालवायलंय?' म्हटलं, मी. रागावतील असं वाटलं, टेम्पोचं भाडं, दिवसाची खोटी. पण ते हळू म्हणाले, 'माहिती खरी हाय हो सगळी. तेवढं एक सोडून.' जीवनने त्यांना स्टँडजवळच्या वाइंडिंगवाल्याकडे नेलं. जाताना ते परत वळून म्हणाले, 'ते काढा अक्का. आणिक कुणी तरी येईल.'

तर नवी साइट कर. मी आडवी येत नाही. पानांचे पत्ते मात्र आहेत तेच राहतील असं बघ, लोक त्याच वाटेने येतात. आणि ती खालची ओळ. श्रावणापासून प्रत्येक पान दुरुस्त करताना ती माझ्या डोळ्यांपुढे होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुणा बरोबर आहेत, तपासणीत तिच्यात कधी चूक आली नाही, आणि मी दर वेळी पुढे गेले. दिनकरराव गेल्यावर पुसायला बसले, पण पुसलेल्या जागी काय टाकू, असं तू फोनवर विचारलं असतंस आणि ते मला तोंडाने सांगता आलं नसतं. अजून एकदाही मी ते गेल्याचं वाक्य कुणाला उच्चारून सांगितलेलं नाही, दर वेळी दुसऱ्याच कुणी तरी सांगितलं. लिहिता येईल असं वाटलं, म्हणून कागद घेतला. त्या जागी हे टाक, माझे शब्द बदलू नकोस: 'मुंजाजी वाइंडिंगवाले आता नाहीत. दुकान बंद आहे, मोटार घेऊन येऊ नका. इथलं सगळं त्यांनी लिहिलेलं आहे. काही सापडलं नाही तर केशरबाईंना विचारा, मोटार त्यांना भरता येत नाही, पण कुठल्या पानावर काय आहे ते सांगता येतं.' खाली माझा नंबर दे. टाकलंस की मला कळवू नकोस. मी माझी मीच पान उघडून वाचेन.

तुझीच,
आई